पार्टिशनच्या फळ्या

२ फेब्रुवारी, रविवार

फट पडलीच. सांगून ठेवलं होतं सगळ्यांना — लाकूड ओलं आहे, दोन महिने थांबा, वाळू द्या. कोण ऐकतंय! भांडण ताजं होतं, पार्टिशन आठवड्यात उभं पाहिजे होतं. आता सहा महिन्यांनी फळ्या आकसल्या आणि माझ्या खुर्चीशेजारी बोटभर फट उघडली. पलीकडे दादाची बाही दिसते. राखाडी शर्ट. कोपराला वहिनीने ठिगळ लावलंय, तिची शिवण लगेच ओळखू येते.

म्हणजे हा एवढे दिवस माझ्या शेजारीच बसत होता! खोकल्यावरून वाटायचं, पण बघितलं आज. चर्चमध्ये चाळीस खुर्च्या तिकडे, चाळीस इकडे, आणि हा नेमका पार्टिशनला चिकटून. मीही नेमका चिकटून. सख्खे भाऊ, मध्ये पाऊण इंचाची फळी, आणि सहा महिन्यांत एक शब्द नाही. ती फळीही मीच ठोकलेली.

उपासनेचं विचारूच नये. दोन्हीकडे नऊलाच सुरू होते, कारण साडेदहाची वेळ कोणी घ्यायची? घेतली की हरलो. तिकडून त्यांचं गाणं, इकडून आमचं. आमच्या बाजूचे वडील, म्हणजे मंडळीचे कारभारी — मोजपट्टी म्हणतात सगळे, उभा जन्म जमिनी मोजायच्या कचेरीत गेला — ते हाताने खुणा करतात, मोठ्याने, अजून मोठ्याने. देव बहिरा आहे असं वाटतं की काय यांना.

५ फेब्रुवारी, बुधवार

बाहेरच्या कुणाला सांगायची लाज वाटेल असलं भांडण. म्हणून वहीतच लिहितो.

आमच्या चर्चमध्ये बाबांच्या काळापासून प्रभुभोजनाचा प्याला एकच. सगळे त्यालाच ओठ लावायचे. पाळकापासून झाडूवालीपर्यंत, एका ओळीत. गेल्या वर्षी तापाची साथ आली. वहिनीची छाती आधीच नाजूक, ती महिनाभर अंथरुणात होती. मग कंपाउंडर उठला — आता तो तिकडचा वडील आहे — आणि म्हणाला, छोटे प्याले आणू, ज्याचा त्याला. मोजपट्टी म्हणाले, प्रभू एक तर प्याला एक. झालं. तीन सभा झाल्या. पाळक वैतागून गेले. नवीन पाळक तुम्ही एक झाल्यावर पाठवू, असं वरून पत्र आलं. मग तर दोन्हीकडच्यांना चेवच चढला.

आणि तिसऱ्या सभेत मी बोललो. मला कोणी विचारलं नव्हतं! उभा राहिलो आणि म्हणालो, ‘ज्याला उष्ट्याची किळस येते त्याने भाऊ म्हणवून घेऊ नये.’

वहिनी समोरच्या रांगेत होती. तिने पदर सारखा केला आणि खाली बघितलं. दादा उठला, तिला घेऊन बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्कशॉपमध्ये आला, आपल्या पटाशा फडक्यात गुंडाळल्या, चुलत्याने दिलेला रंधा घेतला आणि गेला. मी तिथेच उभा होतो. किल्ली मात्र बाकावर ठेवून गेला.

वीस वर्षं एकत्र काम केलं होतं आम्ही. एका वाक्यात आटोपलं.

९ फेब्रुवारी, रविवार

फट वाढलीय. आज कान दिसला. दादाच्या कानावर केस केवढे वाढलेत!

१२ फेब्रुवारी, बुधवार

शाळेच्या दारांचं काम घेतलंय. लांब फळ्या. रंधा मशीनला फळी एकाने घालायची असते आणि दुसऱ्याने पलीकडून धरायची, म्हणजे शेवट खाली लोंबत नाही, खड्डा पडत नाही. पलीकडे दादा असायचा. आता टेकू म्हणून लाकडी घोडी ठेवलीय. घोडी हलत नाही, पुढे होत नाही, शिव्याही देत नाही. आज दोन फळ्यांची टोकं खाल्ली मशीनने.

ही म्हणाली, एखादा माणूस ठेवा की कामाला. ठेवतो म्हटलं. ठेवणार नाही, हे तिलाही माहीत आहे.

सकाळी एकीसाठी प्रार्थना केली. केली म्हणजे ओठ हलवले. ऑगस्टपासून रोज करतोय. थांबवायचं धाडस नाही म्हणून चालू आहे, दुसरं काही नाही. लाकूड उत्तर देत नाही, पण निदान वास तरी येतो त्याला.

१६ फेब्रुवारी, रविवार

मोजपट्टींना फट दिसली. दिसणारच, त्यांना केसाएवढं दिसतं. उपासना संपल्यावर खिशातून टेप काढली, फट मोजली, माझ्याकडे असं बघितलं जणू मीच मुद्दाम ठेवलीय. म्हणाले, प्रभुभोजनाच्या वेळी तिकडचे आपल्या प्याल्याकडे बघतात, पट्ट्या मारा. सगळ्या सांध्यांवर. पुढच्या रविवारच्या आत.

हेच ते गृहस्थ ज्यांनी पार्टिशन दाराच्या बरोब्बर मध्यावर आणायला लावलं. मी सांगत होतो, दार आख्खं ठेवा, आत तीन फुटांवरून सुरू करू. नाही! वाटणी म्हणजे वाटणी. एक कवाड त्यांना, एक आपल्याला. मग चौकटीच्या मध्ये खांब रोवला मी. आता सगळे एका कवाडातून तिरके होऊन शिरतात. आमच्या हिने पहिल्याच रविवारी सांगितलं होतं, स्वर्गाचं दार अरुंद असतं हे ठाऊक होतं, पण तुम्ही सराव आधीच सुरू केलात. तेव्हा हसलो होतो.

१९ फेब्रुवारी, बुधवार

पट्ट्या कापल्या. मारल्या नाहीत.

२२ फेब्रुवारी, शनिवार

मारल्या. सगळ्या सांध्यांवर, आमच्या बाजूने, छान घासून, पॉलिश करून. कामात कसूर करता येत नाही मला, हाच माझा दोष. माझ्या खुर्चीजवळची शेवटी मारली. मारायच्या आधी फटीला डोळा लावून बघितलं. पलीकडे रिकामा हॉल, रिकाम्या खुर्च्या. शनिवारच होता, असणार कोण!

२३ फेब्रुवारी, रविवार

आता काही दिसत नाही. खोकलाही आला नाही. औषध लागू पडलं असेल. बरं झालं.

२ मार्च, रविवार

आमच्या बाजूला प्रभुभोजन होतं. प्याला माझ्यापर्यंत आला, प्यालो, पुढे दिला. काही वाटलं नाही. उपडा ग्लास तोंडाला लावल्यासारखं. एकच प्याला हवा म्हणून ज्याने भाऊ तोडला, त्याला त्या प्याल्यातून काही लागू नये?

हे हिला सांगता येत नाही. तिची श्रद्धा जात्याच्या आसासारखी आहे. मध्ये उभी, घट्ट. बाकी सगळं तिच्याभोवती फिरतं.

९ मार्च, रविवार

तेच.

१५ मार्च, शनिवार

वखारीत कंपाउंडर भेटला. तो त्याच्या माळ्यासाठी फळ्या बघत होता. मी पाठ केली, तर मागून म्हणाला, भावाला बघून आलात का?

कुठे बघून यायचं, म्हटलं.

हॉस्पिटलमध्ये. तीन आठवडे झाले. फुफ्फुसात गाठ आहे. वीस फेब्रुवारीला दाखल केलं. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे, म्हणाला. आणि खरंच त्याला तसंच वाटलं होतं, तोंडावर दिसत होतं. आमच्या बाजूच्या कोणी सांगितलं नाही, कारण आमच्या बाजूला कोणाला माहीतच नव्हतं. त्यांच्या बाजूच्या कोणी सांगितलं नाही, कारण त्यांना वाटलं भाऊच आहे, त्याला कोण सांगणार. आणि वहिनीने काय म्हणून मला निरोप धाडावा?

वीस फेब्रुवारी. बावीसला मी पट्ट्या मारल्या. तीन रविवार पलीकडची खुर्ची रिकामी होती आणि मी फळीला टेकून बसलो होतो. फट असती तर पहिल्याच रविवारी दिसलं असतं.

बरं झालं, असं लिहिलंय मी वर. ते पान फाडावंसं वाटतंय. नाही फाडत. राहू दे.

१६ मार्च, रविवार

हॉस्पिटलात जायच्या ऐवजी चर्चला गेलो. नेहमीच्या जागी बसलो. मोजपट्टी सहनशीलतेवर बोलले.

१८ मार्च, मंगळवार

फाटकापर्यंत गेलो. शर्ट बदलून, केस विंचरून. फाटकाशी एक बाई कागदाच्या पुडक्यात काहीतरी घेऊन बसली होती, तिने मला तीनदा विचारलं आत जायचंय का. परत आलो. वर्कशॉपमध्ये येऊन दिवसभर एकच दार घासलं.

हिने विचारलं, कसे आहेत? मी म्हटलं, झोपला होता. बायकोशी खोटं बोललो. तेही असलं!

२० मार्च, गुरुवार

गेलो. ही बरोबर येते म्हणाली, नको म्हटलं.

लांब वॉर्ड, दोन्हीकडे खाटा, मधून वाट. दादा शेवटून तिसरा. एवढा आडवा माणूस, आख्खा ओंडका खांद्यावर टाकून चालायचा, आणि आता चादरीखाली नुसते खांदेच उरलेत. खांदे मात्र तेवढेच. वहिनी स्टुलावर बसली होती. मला बघून उठली. स्टूल मला दिलं आणि म्हणाली, ‘बसा भाऊजी.’ बस्स. दुसरं काही नाही. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

मी बसलो. काय बोलायचं? शाळेच्या दारांचं सांगितलं. मशीन टोकं खातं ते सांगितलं. दादा म्हणाला, पाती बदल. मी म्हटलं, पाती नवीन आहेत. म्हणाला, मग माणूस बदल. आणि हसायला गेला आणि खोकला आला. तोच खोकला.

मग पाणी मागितलं. मी ग्लास भरून दिला. त्याने दोन घोट घेतले, ओठाच्या कडेने थोडं परत ग्लासात गेलं, आणि ग्लास माझ्यापुढे धरला.

‘पी. लांबून चालत आलास.’

मी ग्लासाकडे बघितलं. काठाला लाळ लागली होती. आणि मला — मला, ज्याने भर सभेत उभं राहून ते वाक्य टाकलं — मला शिसारी आली. क्षणभरच. हात पुढे झालाच नाही. मग झाला, पण त्याने बघायचं ते बघितलं होतं.

‘तुलाही येते की रे,’ म्हणाला. रागाने नाही. उलट बरं वाटल्यासारखं.

मी प्यालो. सगळं संपवलं. रडलो, हेही लिहितो, कोण वाचतंय. म्हटलं, दादा, मी त्या दिवशी जे बोललो — तर त्याने हात हलवला.

‘ते राहू दे. पट्टी मारलीस म्हणे, ती काढ आधी. फटीतून तुझा कान दिसायचा मला.’

काढतो म्हटलं. रविवारी काढतो.

निघताना वहिनी म्हणाली, भाऊजी, प्रार्थना करून जा. मी प्रभूची प्रार्थना सुरू केली. लहानपणापासून पाठ आहे, झोपेतही म्हणेन. क्षमेच्या ओळीपाशी आलो आणि पुढचं सुचेना. कोरी पाटी! वॉर्डातले बघायला लागले. दादाने ती ओळ म्हटली, श्वास घेत घेत, दोन तुकड्यांत. मग मी पुढे गेलो.

२३ मार्च, रविवार

स्क्रू ड्रायव्हर खिशात घेऊन गेलो. पट्टीला सहा स्क्रू आहेत, दोन मिनिटांचं काम. उपासनेनंतर थांबलो. मोजपट्टीही थांबले. हिशेबाच्या वह्या कपाटात ठेवत होते, खुर्च्या सरळ करत होते, खुर्च्यांच्या ओळीला सुद्धा टेप लावतात. मला म्हणाले, काही काम होतं का? नाही म्हटलं.

नाही म्हटलं!

अठ्ठावन्न वर्षांचा माणूस मी. एक पट्टी.

२७ मार्च, गुरुवार

दादा झोपेत. इंजेक्शन दिलंय म्हणे. तासभर बसलो. नखं वाढली होती, वहिनीकडून नेलकटर घेऊन कापली. लाकडाचा डाग अंगठ्याच्या नखाखाली अजून आहे. तो निघत नाही, माझाही नाही.

कंपाउंडर येऊन गेला असं वहिनीने सांगितलं. आमच्या बाजूने कोणी? मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

येताना मनात म्हटलं, प्रभो, तू आहेस का नाहीस ते राहू दे. एवढंच सांग, मी ते वाक्य बोललो तेव्हा तू हॉलमध्ये होतास का? होतास तर मला खाली का नाही बसवलंस?

३० मार्च, रविवार

स्क्रू ड्रायव्हर खिशातच. आज मोजपट्टी लवकर गेले होते. तरी नाही काढली. काढली की सगळे विचारणार, मग सांगावं लागणार, मग मी तिकडचा झालो म्हणणार. पुढच्या रविवारी.

हिला सांगितलं, मला प्रार्थना येत नाही आता. तोंडात वाळू आल्यासारखं होतं. ती भाजी निवडत होती, वरही बघितलं नाही. म्हणाली, ‘येत नसेल तर नुसते बसत जा. मी दोघांचं मागते.’

५ एप्रिल, शनिवार

दादा गेला. पहाटे.

पट्टी तशीच आहे.

५ एप्रिल, दुपार

लिहून टाकतो.

पेटी मीच करायची. या मंडळीत पस्तीस वर्षं शवपेट्या मीच करतोय. बाबांची केली, आईची केली, साथीत एका आठवड्यात तीन केल्या. वहिनीनेही तेच सांगितलं, म्हणाली, त्यांनी सांगून ठेवलंय, पेटी धाकट्याने करायची. मग माप घ्यायला गेलो. उंची पाच फूट दहा. खांदे बावीस इंच. म्हणजे पेटी बाहेरून पंचवीस.

आणि तिथेच, दादाच्या उशाशी, टेप हातात असताना, लक्षात आलं.

चर्चच्या दाराचं एक कवाड बावीस इंच आहे.

पेटी आत जाणारच नाही. ना त्यांच्या कवाडातून, ना आमच्या. मध्ये माझा खांब. ते पार्टिशन उभं करताना मी खुर्च्या मोजल्या, पंखे मोजले, जाड्या माणसांचा विचार केला, म्हातारीच्या काठीचा विचार केला. पस्तीस वर्षं पेट्या करणारा मी, आणि मढ्याचं माप विसरलो. म्हणजे आमच्यातलं कोणी मरेल हेच आम्हा सगळ्यांच्या डोक्यात नव्हतं. भांडताना माणसाला वाटतं, वेळ भरपूर आहे.

मोजपट्टींकडे गेलो. विश्वास बसेना. स्वतः आले, तीनदा मोजलं, एकदा वर, एकदा मध्ये, एकदा खाली. बावीस, बावीस, बावीस. म्हणाले, तिरकी करून नेता नाही येणार? मी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. त्यांनी टेप मिटली.

कंपाउंडरला बोलावलं. दारातच दोघे उभे, मध्ये मी. शेवटी ठरलं: उद्या सकाळच्या दोन्ही उपासना नाहीत, दुपारी तीनला दफनविधी, त्यासाठी पार्टिशन उतरवायचं. पण बुधवारच्या प्रार्थनासभेआधी जसंच्या तसं परत उभं झालं पाहिजे. दोघेही एका सुरात म्हणाले. आठ महिन्यांत पहिल्यांदा एकमत झालं, ते यावर!

हो म्हटलं. माझ्या पट्टीचे सहा स्क्रू सगळ्यात आधी काढले. तेरा दिवस उशिरा. मग बाकीचं, बावीस फूट सगळं. हातगाडीवरून तीन खेपा करून वर्कशॉपमध्ये आणलं.

कबर खोदणाऱ्याचा निरोप आला. कोपऱ्यातली जागा भरावाची आहे, बाजू ढासळतात, आत लावायला फळ्या द्या. बघतो म्हटलं. वखारवाल्याकडे लग्न, दोन दिवस कुलूप. शाळेच्या दारांचं लाकूड आहे, पण ओलं. ओल्या लाकडाने एकदा पुरती अद्दल घडलीय.

५ एप्रिल, संध्याकाळ

पेटी झाली. विचार करून काही केलं नाही. हात करत गेले, मी बघत होतो. मशीनला फळ्या घालताना पलीकडे घोडी होती.

पाठ मोडलीय. बाकी नंतर.

६ एप्रिल, रविवार

मी वेड्यासारखी आशा धरून होतो, हे आधी कबूल करतो. वाटलं होतं, मध्ये काही नाही, दादा समोर आहे, आज तरी माणसं एकमेकांत मिसळतील.

काय झालं ते लिहितो. सगळे आले. दार आख्खं उघडं, दोन्ही कवाडं. तरी आमचे आमच्या कवाडाने आले, त्यांचे त्यांच्या कवाडाने. आपापल्या बाजूला बसले. जिथे पार्टिशन होतं तिथे चार हातांची पट्टी मोकळी राहिली, खांबांची भोकं उघडी, धूळ. तिच्यावर कोणी खुर्ची सरकवली नाही. एक लहान पोर मधून पळालं तर आईने दंडाला धरून मागे ओढलं.

पेटी कुठे ठेवायची? तेवढीच जागा मोकळी होती. तिथे ठेवली.

गाणं तिकडच्यांनी सुरू केलं. आमचे दोन ओळी गप्प. मग आमच्या हिने उचललं, एकटीने, मग हळूहळू बाकीचे. पण खालचा सूर कोणी धरेना. तो दादाच धरायचा, वर्षानुवर्षं, दोन्हीकडच्यांसाठी — पार्टिशनच्या पलीकडून आम्हालाही तोच पुरत होता, हे आज कळलं. मी धरायला गेलो, बेसूर झालो.

मोजपट्टींनी प्रार्थना केली. लांब. मग कंपाउंडरने केली, त्याहून लांब. वहिनी स्टुलावर बसल्यासारखी बसली होती, कुणाला जागा द्यायची वाट बघत असल्यासारखी.

शेवटचं बघायला लोक पुढे आले, दोन रांगा, दोन बाजूंनी. हिने पेटीच्या कडेवरून हात फिरवला. तिचा अंगठा एका जागी थांबला. स्क्रूचं जुनं भोक, भुसा आणि सरस भरून बुजवलेलं, पण बायकोच्या बोटांपासून काय लपतंय. तिने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

पेटी उचलायला सहा जण लागले. आमचे तीन, त्यांचे तीन. जड होती, नाहीतर तेही झालं नसतं.

स्मशानभूमीतून सगळे दोन वाटांनी परत गेले. वाट खरं तर एकच आहे. हे लोक तिच्या दोन कडांनी चालत होते.

मी प्रार्थना केली नाही. नुसता बसलो, हिने सांगितल्यासारखा.

७ एप्रिल, सोमवार

वहिनीने दादाच्या पटाशा पाठवून दिल्या. फडक्यात, गेला तेव्हा गुंडाळल्या होत्या तशाच. रंधाही. दुसरीकडे कामाला लागल्यावर त्याने त्या उघडल्याच नव्हत्या म्हणे. बाकावर ठेवल्यात, किल्लीशेजारी.

८ एप्रिल, मंगळवार

मोजपट्टी आणि कंपाउंडर आले. बरोबर! एकाच्या मागे एक नाही, शेजारी शेजारी. उद्या प्रार्थनासभा, फळ्या कुठे आहेत, कधी उभं करताय? म्हटलं, फळ्या नाहीत.

नाहीत म्हणजे?

सांगितलं. निम्म्या फळ्या पेटीला लागल्या. तेवढंच वाळलेलं लाकूड होतं हाताशी. उरलेल्या फळ्या कबरीच्या चारी बाजूंनी आत लावल्या, माती ढासळत होती. खांबांचा उशाशी क्रूस झाला. पट्ट्यासुद्धा खालीच गेल्या. ‘दादा घेऊन गेला,’ म्हटलं.

मोजपट्टींनी खिशातून टेप काढली. हातात धरली, परत खिशात टाकली. कंपाउंडर भुशाच्या पोत्यावर बसला. नवीन फळ्या आणा, असं कोणी म्हणालं नाही. मी वाट बघत होतो.

मला शाळेचं काम होतं. लांब फळी उचलली, मशीन चालू केलं. म्हटलं, आलाच आहात तर पलीकडून धरा.

घोडी बाजूला केली दोघांनी. धरली. वाकडी धरली, पण दोघांनी धरली.